हॅम रेडिओवरचं पॅकेट (सुरांतून पाठवलेला डेटा) कानाला स्वच्छ ऐकू येतं, पण डीकोड होत नाही. माझा बीकनही (ठरावीक वेळाने आपोआप जाणारं पॅकेट) कुणी उचलत नाही. टीएनसी (पॅकेटसाठीचा वेगळा मोडेम) घ्यावाच लागेल का?

नाही, टीएनसी लागणार नाही. १२०० बॉडला (सेकंदाला १२०० बिट) साउंडकार्ड पुरेसं आहे, किंबहुना कमजोर सिग्नल ते जुन्या टीएनसीपेक्षा जास्त सोडवतं. तुम्ही लिहिलंय की हँडीचा (हातातल्या रेडिओ सेटचा) इअरफोन जॅक थेट लॅपटॉपच्या माइकमध्ये घातलाय, ट्रान्समिट व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप) करताय आणि साउंडकार्डाला मोडेम बनवणारं सॉफ्टवेअर डायर वुल्फ आहे. सॉफ्टवेअर बदलत बसू नका. दोन्ही दुखणी ऑडिओच्या पातळीची दिसतात.

कान चुका माफ करतो, मोडेम करत नाही. पॅकेटमध्ये १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर आलटून पालटून येतात आणि एक बिट जेमतेम ८३३ मायक्रोसेकंद टिकतो. फ्रेमच्या शेवटी १६ बिटांचा चेकसम असतो. शेकडो बिटांतला एक चुकला तरी अख्खी फ्रेम फेकली जाते. मोडकीतोडकी अक्षरंही पडद्यावर येत नाहीत, त्यामुळे काहीच पोचत नाही असं वाटतं.

आधी रिसीव्ह जमवा. लॅपटॉपचा माइक जॅक काही मिलिव्होल्टसाठी बनलेला असतो, आणि इअरफोनमधून त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं. सुराचे माथे छाटले जातात. रेडिओसाठी वेगळं यूएसबी साउंडकार्ड लावा. सिस्टिमचे आवाज दुसऱ्या कार्डावर राहतात हा त्याचा मोठा फायदा, नाहीतर मेल आल्याची घंटी हवेवर जाते. त्यातही माइक इनपुटच असेल तर मध्ये १० किलोओहम आणि १ किलोओहमचा विभाजक घाला. विंडोजमध्ये आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा, लिनक्सवर अल्सामिक्सरमध्ये ऑटो गेन कंट्रोल बंद करा. नॉइज सप्रेशन पॅकेटलाच गोंगाट समजून दाबतं.

हँडीवर स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. दोन्हींमुळे पॅकेटची सुरुवात खाल्ली जाते. आता पडद्याकडे बघा. डायर वुल्फ प्रत्येक फ्रेमबरोबर ऑडिओ लेव्हल छापतं, समजा ४८, आणि पुढे कंसात १३/८ असे दोन आकडे. पहिला आकडा ५० च्या आसपास आणा. कंसातले दोन म्हणजे खालचा आणि वरचा सूर. स्पीकरच्या वाटेवर डीएम्फसिस, म्हणजे वरचे सूर दाबणारा फिल्टर असतो. पाठवणाऱ्याकडे त्याला जुळणारा, वरचे सूर आधीच उचलणारा प्रीएम्फसिस नसेल, तर २२०० चा सूर साधारण ५ डेसिबलने खाली येतो, म्हणजे वरच्या सुराचा आकडा निम्म्याच्या थोडा वर. एवढा फरक डायर वुल्फ सहज सोसतं. प्रत्येक स्टेशनच्या बाबतीत आकडे याहून फार फाकत असतील, तर तुमच्याच वाटेत कुठेतरी फिल्टर किंवा टोन कंट्रोल आहे.

आता ट्रान्समिट, जिथे बहुतेक जण फसतात. साउंडकार्डातून व्होल्टच्या घरात ऑडिओ निघतो, हँडीच्या माइकला १० मिलिव्होल्ट पुरतात. १० किलोओहम मालिकेत आणि १०० ओहम ग्राउंडला लावले की १ व्होल्टचे १० मिलिव्होल्ट होतात. माइकच्या बाजूला मालिकेत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, तिथे डीसी असतो. गुणगुण येत असेल तर दोन्ही वाटांवर ६०० ओहमचे एकास एक ट्रान्सफॉर्मर घाला. पातळी जास्त झाली की रेडिओचा लिमिटर सूर कापतो, डेव्हिएशन (ऑडिओमुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) ५ किलोहर्ट्झला जाऊन टेकतं, ऐकणाऱ्याला मोठ्ठा दणदणीत सिग्नल मिळतो आणि डीकोड शून्य. तुमच्या बीकनचं हेच होत असणार.

डेव्हिएशन मीटर नसला तरी भागतं. अँटेनाच्या जागी डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर) लावा, डायर वुल्फमधून कॅलिब्रेशनचा सूर सोडा आणि दुसऱ्या रेडिओवर त्याची पातळी मोजा. साउंडकार्डाचा आवाज वाढवत न्या. एका जागी आकडा वाढायचा थांबेल, तो लिमिटर. तिथून आकडा ६० टक्क्यांवर येईपर्यंत खाली या. डेव्हिएशन ३ किलोहर्ट्झच्या जवळपास बसेल. मग मिक्सरला हात लावू नका.

व्हॉक्स सोडा. पॅकेट संपल्यावरही तो सेट काही काळ ट्रान्समिटवर धरून ठेवतो. बीकनला ते चालून जातं, पण कनेक्टेड मोडमध्ये (दोन स्टेशनं एकमेकांना पोच देत डेटा पाठवतात तेव्हा) तेवढ्यात समोरच्याची पोच येऊन जाते, मग पुन्हा पाठवा, पुन्हा हुकवा. पीटीटीसाठी (सेटला ट्रान्समिटवर टाकायला) यूएसबी सीरियलची आरटीएस ही इशाऱ्याची लाइन घ्या आणि मध्ये ऑप्टोकपलर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून इशारा नेणारा भाग) लावा. सीएम१०८ चिप असलेल्या साउंडकार्डवर चिपचीच जीपीआयओ (सॉफ्टवेअरमधून चालू-बंद होणारी) पिन वापरता येते, पण तिला वायर डकवायला हात स्थिर हवा. सीरियल वापरलात तर संगणक सुरू होताना आरटीएस आपोआप चालू होऊन सेट ट्रान्समिटवर अडकू शकतो. सॉफ्टवेअर चालू झाल्यावरच सेटकडची केबल जोडा.

टीएक्सडीले (ट्रान्समिट सुरू झाल्यावर डेटाआधी थांबायचा वेळ) ३० ठेवा. एकक १० मिलिसेकंदांचं आहे, म्हणजे ३०० मिलिसेकंद, म्हणजे डेटाआधी भरीचे सुमारे ४५ फ्लॅग बाइट. सेट लवकर ट्रान्समिटवर जात असेल तर हळूहळू कमी करा. कमी केल्यावर बीकन गायब झाला तर पुन्हा वाढवा. ट्रान्समिट करताच यूएसबी कार्ड गायब होत असेल, तर तो आरएफचा (रेडिओ लहरींचा) त्रास आहे: केबलवर फेराइटचं कडं चढवा, अँटेना लांब न्या.

विनलिंक एक्सप्रेस (रेडिओवरून ईमेल) वगैरे प्रोग्राम डायर वुल्फला किस टीसीपीच्या (नेटवर्कवरून मोडेमशी बोलायच्या पद्धतीच्या) ८००१ पोर्टवर जोडले जातात, तिथे वेगळी उठाठेव नाही. ९६०० बॉडचा नाद मात्र या जोडणीवर करू नका. तो सिग्नल माइक आणि स्पीकरच्या फिल्टरांतून जातच नाही. त्याला थेट डिस्क्रिमिनेटर (रिसीव्हरमधला एफएम उलगडणारा भाग) आणि मॉड्युलेटरपर्यंत जाणारा डेटा जॅक असलेला सेट लागतो.