शेठजींचे साठ हजार आणि नाशिकचा क्लास

प्रश्न: मी ४१ वर्षांची, शास्त्रीय गायिका. नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच क्लास घेते. ३४ विद्यार्थी, महिना १,२०० रुपये फी. मैफलींचे वर्षाला साधारण ९०,००० सुटतात. घर स्वतःचं, सोबत ७२ वर्षांची आई. बडोद्याचे एक उद्योजक, माझ्या गाण्याचे जुने चाहते, त्यांच्या ट्रस्टच्या गुरुकुलात शिकवायला बोलावताहेत. महिना ६०,०००, बंगल्याच्या आवारात दोन खोल्या. 'तीन वर्षं तरी या' म्हणतात. लेखी काही नाही. तिथे सकाळचे चार तास रियाजाला मिळतील. आई नाशिक सोडणार नाही. जाऊ का?

उत्तर: ताई, चार तासांच्या रियाजाची किंमत मी रुपयांत मांडणार नाही. चौतीस मुलांचे सा रे ग म घोटून घेतल्यावर स्वतःचा गळा किती उरतो, ते तुम्हीच जाणता. पण बाकीचा हिशेब मांडू या.

मे महिना आणि दिवाळी सोडून दहा महिने फी धरली, तर क्लासचे ४,०८,००० आणि मैफलींचे ९०,०००, म्हणजे आज वर्षाला ४,९८,०००. बडोद्याचे ७,२०,०००. वरवर २,२२,०००चा फायदा. आता आईजवळ दिवसभर थांबणारी बाई ठेवायची तर महिना १२,००० तरी लागतील. महिन्यातून दोनदा येण्याजाण्याचे ३,००० धरा. वर्षाला १,८०,००० इथेच गेले. उरले ४२,०००, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. आणि गुरुकुलातून मैफलींना मोकळीक मिळाली नाही, असं धरूनच हा आकडा आहे. ती मिळाली तर चित्र बरंच सुधारेल, म्हणून हे आधीच स्पष्ट विचारा.

मला खरी काळजी परतीची वाटते. तीन वर्षांनी आलात तेव्हा आजची मुलं दुसऱ्या क्लासला रुळलेली असतील. पहिल्या वर्षी सरासरी १२ आणि दुसऱ्या वर्षी २४ विद्यार्थी जमले, तरी त्या दोन वर्षांत आजच्या तुलनेत ३,८४,००० कमी पडतात. तिकडे तीन वर्षांत शिल्लक पडणार १,२६,०००. तुमची खरी पुंजी तो क्लास आहे, आणि तोच मोडून तुम्ही निघाला आहात.

शेठजींच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. पण आश्रय माणसाच्या आयुष्याला बांधलेला असतो. थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांसारखा आश्रयदाता लाभला होता. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईला आले. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला संगीत विद्यालय काढलं ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या मदतीवर. पुढे कर्जापायी त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत गेली, तरी त्यांनी तयार केलेले शिष्य गावोगावी शिकवत राहिले. उत्तरायुष्यात ते आपल्या नाशिकलाच येऊन राहिले होते.

म्हणून माझं मत: जा, पण क्लास बंद करून नाही आणि तोंडी शब्दावर तर नाहीच. विशारद झालेली एखादी शिष्या असेल तर पंधरा मुलं तिच्याकडे सोपवा. फीचा अर्धा वाटा तिला द्या. तुम्हाला वर्षाला ९०,००० मिळतील. आईसाठी महिन्यातून दोनदा येणारच आहात, तेव्हा शनिवार-रविवारचा तास तुम्ही स्वतः घ्या. मग परत आल्यावर सुरुवात शून्यातून होणार नाही.

ट्रस्टकडून करारपत्र घ्या. मुदत तीन वर्षं. त्याआधी त्यांनी काम थांबवलं तर सहा महिन्यांचं मानधन, म्हणजे ३,६०,०००. परतीच्या खड्ड्याच्या जवळपास जाणारी ही रक्कम आहे, म्हणून संकोच करू नका. 'आपण घरचेच' असं म्हणणाऱ्याकडे कागद मागताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे. तर विश्वस्तांच्या नावे पत्र लिहा. शेठजींसमोर बोलावं लागणार नाही. तिथल्या खोल्या नोकरीबरोबरच जातील, तेव्हा इंदिरानगरचं घर भाड्याने देण्याचा वगैरे विचार सध्या नको.

पैसे पगार म्हणून मिळणार की मानधन म्हणून, हेही विचारा. पगार असेल तर भविष्य निर्वाह निधी लागू आहे का, ते पाहा. मानधनातून बहुधा १० टक्के टीडीएस कापतील, म्हणजे हातात ५४,०००च येतील. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर पडत नाही, त्यामुळे कापलेले ७२,००० विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. पण तोपर्यंत घरखर्च ५४,०००वरच बसवा.

आईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं नसेल तर निघण्याआधी काढून घ्या. सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. नाशिकमधली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते सोबतीच्या बाईंनाही लिहून द्या. तुम्ही बडोद्याला असताना धावपळ त्याच करणार आहेत.

ट्रस्टने करार नाकारला, तर मी तुमच्या जागी नाशिकलाच राहीन, फी १,५०० करीन आणि मुलं पंचवीसवर आणीन. महिन्याला ३७,५०० येतील, आजच्यापेक्षा ३,३०० कमी. त्या बदल्यात आठवड्यातल्या काही सकाळी रियाजाला सुटतील.