एफडी मोडून सोलर बसवू का?

ताई, तुमचं पत्र पोचलं. दापोली तालुक्यातलं कौलारू घर, घरात तुम्ही दोघं आणि सासूबाई. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याकडे बावीस दिवस लाइट नव्हती, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. आता बॅटरीसकट 3 किलोवॅटच्या हायब्रिड सोलरचं 3 लाख 40 हजारांचं कोटेशन हातात आहे आणि 4 लाखांची एफडी मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका.

तुमचं बिल महिन्याला 800 रुपये, म्हणजे वर्षाला 9,600. पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण ते काम झाल्यावर खात्यात जमा होतं. ते वजा करून तुमचे 2 लाख 62 हजार अडकतात. 7 टक्क्यांनी त्यांचं व्याज होतं 18,340. बिल अगदी शून्यावर आलं (स्थिर आकार काही सुटत नाही) तरी वर्षाला पावणेनऊ हजारांचा खड्डा. 'सहा वर्षांत पैसे वसूल' हा विक्रेत्याचा हिशोब दोन एसी चालणाऱ्या घराचा आहे, तुमचा नाही.

जावईबापूंनी सुचवलेलं बिनबॅटरीचं सोलर स्वस्त पडतं, हे खरं. पण लाइट गेली की ते स्वतःहून बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये, म्हणून तशी रचनाच असते. म्हणजे छपरावर ऊन आणि घरात मेणबत्ती! ज्या दिवसांसाठी खर्च करायचा, नेमके तेच दिवस त्यातून वगळलेले.

आता गरज किती ते बघू. चार एलईडी दिवे, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, मोबाइल आणि वायफाय मिळून साधारण 120 वॅट. 150 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर 1.8 युनिट वीज मावते, हाती 1.2 च्या आसपास धरा. म्हणजे दहा तास, एक रात्र निघाली. सासूबाईंचा नेब्युलायझर दहा-दहा मिनिटांचा, तोही यात बसतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असता तर मी तुम्हाला मोठ्या बॅटरीला नाही म्हटलं नसतं. फ्रीज यात धरू नका. वादळाचा इशारा आला की मासळी भरायचीच नाही.

इन्व्हर्टर, बॅटरी आणि ती भरायला दोन पॅनल व चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त भरू न देणारी पेटी), असं सगळं 45-50 हजारांत बसायला हवं. बचत खात्यातल्या 90 हजारांतून ते जमतं. जूनच्या ढगांत पॅनल निम्म्याहूनही कमी वीज देतील, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून पंखा एकच. पॅनल कौलांवर ठोकून घेऊ नका, अंगणात लोखंडी सांगाड्यावर बसवा. वारा सुटायच्या आधी उतरवता आले पाहिजेत.

खरी अडचण आहे विहिरीवरच्या एक एचपी पंपाची. सुरू होताना तो कितीतरी पट जास्त करंट ओढतो, घरगुती इन्व्हर्टरला ते झेपत नाही. वाडीतल्या चार घरांनी मिळून 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घ्यावा. अर्ध्या तासात टाकी भरते, पेट्रोल जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. दोन गोष्टी मात्र पाळा: तो पडवीतसुद्धा चालवायचा नाही, धुराने जीव जातो, आणि चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाइन तोडून घर जनरेटरवर घेणारा खटका) न लावता घराच्या वायरिंगला जोडायचा नाही.

एफडी राहू दे. निसर्गनंतर कौलं आणि सुतार यांना रोख मोजावी लागली, हे तुम्हीच लिहिलंय. मे संपायच्या आत दहा हजार रुपये सुट्या नोटांत घरात आणून ठेवा, कारण वीज नसली की एटीएमही बंद असतं. आणि घराचा विमा नसेल तर इन्व्हर्टरच्या आधी तो काढा. भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळाचं नुकसान धरलेलं असतं. कौलारू छपराचं बांधकाम अर्जात आहे तसंच लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.