मदत सरकारची, हिशेब कोणाचा?

महागाईच्या काळात सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिलेली रोख मदत ती कुटुंबे कशी खर्च करतात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर तक्रारीचा होता. शेवटचे पत्र मात्र मदत घेणाऱ्या घरातून आलेले आहे.

प्रश्न : महागाई वाढल्यामुळे सरकारने गरजू कुटुंबांच्या खात्यात एकरकमी पैसे जमा केले. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ते हाती येताच मोठा टीव्ही घेतला. मी आयुष्यभर प्रामाणिकपणे कर भरला आहे. अन्नासाठी आणि विजेच्या बिलासाठी दिलेल्या पैशांतून अशी चैन होत असेल, तर करदाता म्हणून मी जाब विचारू नये का? (एक निवृत्त अधिकारी)

उत्तर : सरकारी पैसा कुठे जातो हे विचारण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे, मात्र तो प्रश्न सरकारला विचारायचा असतो, त्या कुटुंबाला नव्हे. एवढ्या उत्तराने आपले समाधान होणार नाही याची कल्पना आहे, म्हणून त्या टीव्हीकडेच वळतो.

घरात आलेला टीव्ही चार लोकांच्या नजरेला पडतो. त्याच रकमेतून चुकती केलेली घरभाड्याची थकबाकी, दुकानदाराची फेडलेली उधारी किंवा पैशांअभावी लांबणीवर टाकलेला आणि आता उरकून घेतलेला दातांचा उपचार यांपैकी काहीही बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्यामुळे मदत घेणाऱ्या कुटुंबांविषयीचे आपले मत ज्या पुराव्यावर उभे राहते, तो पुरावाच एका बाजूला झुकलेला असतो. शिवाय तो टीव्ही हप्त्यावर घेतला आहे, जुना बिघडला म्हणून घेतला आहे की नातेवाइकाने दिला आहे, हेही आपल्याला बहुधा ठाऊक नसते.

दुसरी बाब रक्कम देण्याच्या पद्धतीची आहे आणि ती या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. केनियातील गरीब कुटुंबांना विनाअट रोख रक्कम देऊन तिचा परिणाम योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या संशोधकांनी तपासला. त्यांचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांना रक्कम दरमहा आणि काहींना एकदम दिली गेली. दरमहा पैसे मिळालेल्या घरांत पोटभर अन्नाची शाश्वती अधिक वाढली, तर एकदम रक्कम मिळालेल्या घरांत टिकाऊ वस्तूंवरचा खर्च अधिक झाला. यात नवल काहीच नाही, कारण ज्या घरात महिनाअखेरीस काही उरतच नाही, त्या घराला मोठी वस्तू घेण्याची संधी एकरकमी पैसे आले तरच मिळते. ब्रिटनमध्ये 2022 साली महागाईवरचा उपाय म्हणून उत्पन्नाधारित साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांना 650 पौंड देण्यात आले, तेही दोनच हप्त्यांत. अशा मोठ्या हप्त्यातून कोणी मोठी खरेदी केली, तर त्याचे श्रेय वा दोष त्या कुटुंबाच्या स्वभावाइतकाच हप्ता ठरवणाऱ्या खात्याकडेही जातो.

आता चैनीविषयी. सेरेना हॅगर्टी आणि केट बराझ यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, तीच वस्तू कमी उत्पन्नाच्या व्यक्तीने घेतली असे सांगितले की लोकांना ती खरेदी कमी समर्थनीय वाटते. त्यामागचे कारण मला अधिक बोलके वाटते. लोकांची समजूत केवळ 'याला हे परवडत नाही' एवढीच नव्हती; कमी उत्पन्नाच्या माणसाला त्या वस्तूची गरजच कमी आहे, असेही त्यांना वाटत होते. म्हणजे माणसाचे उत्पन्न घटले की आपण त्याच्या गरजांची यादीही मनातल्या मनात आखूड करतो. त्याआधी, 2016 मधील एका अभ्यासात पर्यावरणपूरक पण महाग वस्तूंची निवड तपासली गेली होती. अशी निवड सधन ग्राहकाने केली की त्याची नैतिक प्रतिमा उजळत होती आणि सरकारी साहाय्य घेणाऱ्याने केली की डागाळत होती. गरिबाने स्वस्त माल घेतला तर तो बेफिकीर आणि चांगला माल घेतला तर तो उधळ्या ठरतो. अशा न्यायालयात निर्दोष सुटण्याची सोयच नाही.

राहिला कराचा मुद्दा. आपण भरलेल्या करातून ही मदत जाते हे खरे आहे, पण मदत घेणारे कुटुंबही प्रत्येक खरेदीवर अप्रत्यक्ष कर भरत असते. शिवाय सरकार आपला पैसा फक्त खात्यात रक्कम जमा करून वाटत नाही. अनेक देशांत गृहकर्जावर, निवृत्तीच्या बचतीवर आणि विम्यावर करसवलती आहेत. तिजोरीच्या दृष्टीने सोडलेला कर आणि दिलेली मदत यांत फारसा फरक नसतो, आणि अशा सवलतींचा मोठा वाटा सहसा बऱ्या उत्पन्नाच्या घरांकडे जातो. त्या सवलतीतून वाचलेल्या पैशांचे काय केले, असे मात्र कोणी कोणाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दोन्हीकडे विचारायचे नसेल तर ते समजण्यासारखे आहे. एकीकडेच विचारायचे असेल, तर प्रश्न करदात्याच्या हक्काचा राहत नाही, तो गरीब माणसावरच्या अविश्वासाचा होतो.

हा अविश्वास आजचा नाही. इंग्लंडमध्ये 1834 साली झालेल्या गरीबविषयक कायद्याचे सूत्रच असे होते की, मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत खालच्या थरातील स्वावलंबी मजुराच्या अवस्थेपेक्षा वाईट असली पाहिजे. आज कोणताही मंत्री हे उघडपणे म्हणणार नाही, परंतु टीव्ही पाहून आपल्याला जे खुपते, त्यात या सूत्राचा अंश आहे की नाही, याचा आपण शांतपणे विचार करावा अशी विनंती आहे.

प्रश्न : टीव्हीचे एक वेळ सोडून देऊ. रोख पैसे दिले की ते दारू आणि तंबाखूवर जातात, हे तर सर्वांना माहीत आहे. हे नाकारता येईल का? (एक वाचक)

उत्तर : सरसकट विधान म्हणून ते नाकारता येते, आणि ते नाकारण्यास बराच आधार आहे. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशिया येथील 19 अभ्यास एकत्र करून रोख मदतीचा दारू-तंबाखूवरच्या खर्चाशी असलेला संबंध तपासला. हे विश्लेषण 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मदतीमुळे हा खर्च वाढतो असे त्यात दिसले नाही. सरासरी कल उलट किंचित घट होण्याकडे होता. याचा अर्थ मदत घेणाऱ्यांपैकी कोणी दारू पीत नाही असा नव्हे. जो आधीपासून पीत होता, तो मदत मिळाल्यावरही पीत असेल. परंतु मदतीचे पैसे प्रामुख्याने तिकडे वळतात, हा आरोप पुराव्यावर टिकत नाही. हे निष्कर्ष प्रामुख्याने विकसनशील देशांतील आहेत, त्यामुळे ते श्रीमंत देशांना जसेच्या तसे लावू नयेत, एवढी सावधगिरी मात्र बाळगावी.

एक निरीक्षण येथे उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये वृद्धांना हिवाळ्यातील इंधनखर्चासाठी म्हणून रोख रक्कम दिली जाते. ती इंधनावरच खर्च करावी अशी कोणतीही अट नसते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, हीच रक्कम साधे उत्पन्न म्हणून मिळाली असती तर तिच्यातील सुमारे 3 टक्के इंधनावर गेली असती, असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात सरासरी 47 टक्के गेली. कोणाचाही पहारा नसताना, केवळ मदतीला दिलेल्या नावामुळे लोकांनी तिचा हेतू एवढा मानला.

प्रश्न : मी एका सामाजिक संस्थेत काम करतो. रोख रकमेऐवजी कूपन किंवा फक्त ठरावीक वस्तू घेता येतील असे कार्ड दिले, तर लोकांचा आक्षेपही राहणार नाही आणि पैसेही योग्य जागी जातील. सरकारे हा मार्ग का घेत नाहीत? (एक कार्यकर्ता)

उत्तर : काही सरकारे घेतात, पण आपण म्हणता ते दोन्ही हेतू त्यातून साधत नाहीत. अमेरिकेतील अन्नसाहाय्य योजनेच्या कार्डावर मद्य, तंबाखू आणि सर्वसाधारणपणे गरम तयार जेवण घेता येत नाही. इतके निर्बंध असूनही आक्षेप थांबलेले नाहीत. ते फक्त पुढच्या वस्तूकडे, म्हणजे शीतपेयांकडे आणि गोड पदार्थांकडे सरकले. तेथील कृषी खात्याने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात किराणा खरेदीच्या नोंदी तपासल्या असता, शीतपेयांवरचा वाटा साहाय्य घेणाऱ्या घरांत सुमारे 5 टक्के आणि न घेणाऱ्या घरांत सुमारे 4 टक्के आढळला. एकूण खरेदीचे स्वरूपही दोन्ही गटांत बरेचसे सारखे होते. फरक आहे, पण त्यावरून झालेल्या गदारोळाच्या मानाने तो फारच लहान आहे.

त्यापुढची अडचण हिशेबाची आहे. एखादे कुटुंब अन्नावर कूपनाच्या किमतीपेक्षा अधिक खर्च आधीपासूनच करत असेल, तर कूपन मिळाल्यावर त्याची तेवढी रोख रक्कम मोकळी होते आणि ती त्याला हवी तेथे वापरता येते. बंधन कागदावर राहते. त्याची छपाई, यंत्रणा, दुकानांची नोंदणी आणि तपासणी यांचा खर्च मात्र खराखुरा असतो. ज्या घराची तातडीची गरज औषधाची किंवा घरभाड्याची आहे, त्याला अन्नाचे कूपन देणे म्हणजे ते कूपन कमी किमतीत विकायला लावणे होय, आणि यात मदतीचा काही भाग मधल्या माणसाच्या खिशात जातो.

सर्वांत कडक प्रयोग ऑस्ट्रेलियाने केला. तेथे 2016 पासून निवडक भागांत, सर्वप्रथम दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेडुना या गावी, साहाय्याच्या रकमेचा 80 टक्के भाग अशा कार्डावर देण्यात आला, ज्यावर दारू आणि जुगाराचे व्यवहार चालत नव्हते आणि रोख पैसेही काढता येत नव्हते. त्यामुळे दारू न पिणाऱ्यांवरही हे बंधन आले. सामाजिक हानी कमी झाली की नाही, हे सरकारच्या मूल्यमापनातून ठरवता येत नाही, असा ठपका तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 मध्ये ठेवला. 2022 मध्ये हे कार्ड रद्द करण्याचा कायदा झाला आणि 2023 मध्ये ते बंद झाले. काही भागांत मात्र निर्बंधांची व्यवस्था वेगळ्या रूपात चालू राहिली.

वस्तुरूप मदतीला जागाच नाही, असे मी म्हणणार नाही. बाजारात अन्नाचाच तुटवडा असेल, तेव्हा रोख पैसे वाटल्याने भाव आणखी चढतात आणि अशा वेळी धान्य देणेच शहाणपणाचे ठरते. मात्र माल उपलब्ध आहे आणि तो परवडत नाही एवढीच अडचण असेल, तर लोकांचा राग शांत करण्यासाठी कूपन काढणे हा महागडा उपाय आहे. आपल्या संस्थेला देखरेख करायचीच असेल, तर पात्र असूनही मदत न मिळालेली घरे किती आहेत, रक्कम वेळेवर येते का आणि ती भाववाढीच्या प्रमाणात पुरते का, यांवर ती करावी. अमेरिकेत 2021 मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवून तिचा निम्मा भाग दरमहा रोख स्वरूपात देण्यात आला, तेव्हा पूरक निकषाने, म्हणजे सरकारी मदत आणि करसवलतीही उत्पन्नात धरून, मोजलेली बालगरिबी 5.2 टक्क्यांवर उतरली. ही वाढ संपल्यावर 2022 मध्ये ती 12.4 टक्के झाली. पावत्या गोळा करून हे कळले नसते.

प्रश्न : आम्हाला ही मदत मिळते. तिच्यातील बहुतेक पैसे थकलेल्या बिलांत जातात. मागच्या वेळी मुलीच्या वाढदिवसाला तिला हवी असलेली सायकल घेतली, तेव्हापासून नातेवाईक टोमणे मारतात. आता काही घ्यायचे म्हटले की ते लपवावेसे वाटते. माझे चुकले का? (एक आई)

उत्तर : नाही. महागाईची झळ कमी उत्पन्नाच्या घराला जास्त बसते, कारण त्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा अन्न, इंधन आणि भाड्यावर जातो; अन्नाच्या बाबतीत हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवून दिले होते. भाव चढले की असे घर सर्वांत आधी मुलांच्या अशाच गोष्टी रद्द करते. मदतीमुळे त्यांतील एक गोष्ट आपल्याला रद्द करावी लागली नाही, एवढेच घडले आहे आणि मदतीचा तोही एक हेतू आहे.

नातेवाइकांना बिलांचे कागद दाखवत बसू नये. एकदा दाखवले की पुढच्या प्रत्येक खरेदीला तेच अपेक्षित राहील. फक्त आपल्या मदतीच्या आदेशात खर्चाविषयी काही अट लिहिली आहे का, ते एकदा नीट वाचून घ्यावे. तशी अट असेल तर त्यापुरत्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि नसेल तर ही रक्कम आपल्या घरातील इतर उत्पन्नासारखीच आहे. सायकल लपवून ठेवण्याचे कारण नाही. मुलीला ती चालवू द्यावी.