केमोच्या दिवसांत ताकद जपून वापरा

ताई, केमोचा, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचाराचा, थकवा नुसत्या झोपेनं जात नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. दिवसभर पडून राहिलं तर हातपाय आणखी गळतात. मी सकाळी, जरा तरतरी असताना, अंगणात सावकाश चालायचे. दुपारी अर्ध्या तासाचीच डुलकी. भाकरी थापायचं काम जाऊबाईंना द्या, त्यात कमीपणा कसला? भाजी बसूनच निवडा. थकवा कधी वाढतो ते वहीत लिहून बेळगावच्या डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन उतरलं असेल तर त्यावर इलाज असतो. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर मात्र खानापूरहून सकाळच्या बसची वाट बघू नका. रात्रीच गाडी करून दवाखाना गाठा.