जुन्या व्हायोलिनची ओळख: लेबल सर्वांत शेवटी वाचा

तुमच्या व्हायोलिनमध्ये स्ट्रॅडिव्हेरियस या जगप्रसिद्ध इटालियन व्हायोलिन कारागिराचे लेबल दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, आणि वाद्य त्याचे नाही असे ठरले म्हणून खट्टूही होऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन आणि फ्रान्समधील मिरकूर या गावांच्या परिसरात व्हायोलिने मोठ्या प्रमाणावर तयार होत. त्यांत नामवंत कारागिरांची लेबले सर्रास चिकटवली जात, आणि अनेकदा त्यांचा अर्थ ‘या नमुन्यावरून घडवलेले’ एवढाच असे. लेबलवर इंग्रजीत देशाचे नाव असेल, तर मात्र तो धागा कामाचा आहे, कारण अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले. असे वाद्य बहुधा त्यानंतरचे असते.

सुरुवातीला एवढेच तपासा:

- कडेने फिरणारी काळी-पांढरी पट्टी लाकडात बसवलेली आहे की नुसती रंगवलेली? रंगवलेली असेल, तर वाद्य बहुधा स्वस्त बनावटीचे आहे.
- खुंट्यांच्या वरचा शंखासारखा वळसा मागच्या बाजूनेही सफाईने कोरला आहे का? कारागिराचा हात मला तिथेच सर्वाधिक दिसतो.
- वॉर्निश खरोखर वापराने झिजले आहे की मुद्दाम जुनाट केले आहे?

नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक म्हणजे ओळख पटण्याआधीच वाद्याला पॉलिश करणे. वॉर्निशला हात लावू नका, लेबल सोलू नका. पुढून, मागून, बाजूने आणि वळशाची स्पष्ट छायाचित्रे काढून जाणकार व्हायोलिन कारागिराला दाखवा.