सध्या काय वाचताय, काय बघताय, काय ऐकताय? आणि खेळ बघता का?

गेल्या चार महिन्यांतलं सांगते. त्या काळात माझं वाचणं-बघणं सगळं आईच्या डोळ्यांवर ठरलं. ऑक्टोबरात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डिसेंबरात डाव्याचं. थेंब, काळा चष्मा, डोक्यावरून आंघोळ बंद, आणि चष्म्याचा नवा नंबर मिळेपर्यंत बारीक अक्षर धुरकट. सकाळी पेपर आणि दुपारी पुस्तक हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तो मोडला तर घरात कोणालाच सुख लागलं नसतं, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

पुस्तक तिनेच काढायला लावलं: लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. मी कॉलेजात वाचली होती, परीक्षेपुरती. तेव्हा लक्षात न आलेली गोष्ट आता पहिल्याच दुपारी कळली. हे पुस्तक मोठ्याने वाचावं. वाक्य श्वासाच्या बेताने संपतं, जीभ कुठे अडखळत नाही, आणि ऐकणारा हसला की पुढच्या ओळीआधी थांबायला जागाही मिळते. त्याच संध्याकाळी पेपरातला अग्रलेख वाचायला घेतला, तर तिसऱ्या ओळीलाच मला धाप लागली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, करून दिली. पहिला भाग १९३४ साली आला आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. म्हणजे साठी उलटलेली बाई आयुष्यभर बोलत आली तशीच लिहायला बसली, आणि कोणी तिची भाषा 'सुधारली' नाही हे आपलं नशीब.

टिळक घरात न सांगता निघून जायचे, पैसा हातात टिकायचा नाही, तो भाग आला की आई मला थांबवायची. "तुझे बाबा एकदा रेशनचं रॉकेल आणायला म्हणून गेले आणि पेढे घेऊन आले," ही गोष्ट मी या चार महिन्यांत सहा वेळा ऐकली. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, त्यानंतरची पानं मात्र ती गप्प राहून ऐकायची. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पण मधल्या वर्षांत नवऱ्यावरचा राग, माया आणि सोवळं एकाच बाईच्या पोटात कसं नांदतं, ते त्यांनी हसत हसत सांगितलंय. रात्री दहानंतरही आईला "अजून थोडं" हवं असायचं. माझे डोळे मिटायला लागलेले असायचे.

खेळाचं विचारलंत. २ नोव्हेंबरचा महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आम्ही सांगलीचे, त्यामुळे स्मृती मानधना खेळत असताना टीव्ही बंद ठेवला तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. आईला पडद्यावरचा चेंडू दिसत नव्हता आणि समालोचक फार ओरडतात म्हणून तिने आवाजही बंद करायला लावला. मग समालोचन मी केलं. नवी मुंबईत पाऊस, दोन तास उशीर, मग स्मृती आणि शफाली वर्माची १०४ धावांची सलामी. स्मृती ४५ वर बाद झाल्यावर आईने चहा मागितला, म्हणजे तिच्यापुरता सामना संपला होता. शफाली मुळात संघातच नव्हती, प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून आली, हे सांगितल्यावर ती पुन्हा सरसावून बसली. शफालीने ८७ केल्या आणि वर दोन विकेटही काढल्या.

सगळ्यात फजिती झाली ती आफ्रिकेची कर्णधार वोल्व्हार्टच्या झेलाला. शतक करून ती उभी होती, तोवर सामना त्यांचाही होता. दीप्ती शर्माचा चेंडू, अमनजोतच्या हातात झेल. मी ओरडले, "धरला! सुटला! धरला... नाही, सुटला... धरला!" आई वैतागून म्हणाली, "एकदा काय ते नक्की ठरव." मध्यरात्रीनंतर आपण ५२ धावांनी जिंकलो. बाहेर फटाके वाजत होते आणि मी आईला प्रशिक्षक अमोल मुझुमदारची गोष्ट सांगत होते. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा नंबर अमोलचा होता. पॅड बांधून बसला, डाव घोषित झाला, बॅट हातात आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून एकही सामना नाही. आईचा प्रश्न एवढाच: "जेवायला तरी सोडलं का त्या पोराला?"

बुद्धिबळाचं समालोचन मला जमत नाही. जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तो मी नुसता निकालापुरता पाहिला.

सिनेमा एकच, 'द डिसायपल', तोही आई झोपल्यावर, कारण आईशेजारी बसून बघायचा तो सिनेमा नव्हे. गाणं शिकतोय पण गळ्यात उतरत नाही अशा मुलाची गोष्ट. तो रात्री रिकाम्या मुंबईतून मोटरसायकल हाकतो आणि कानात माई नावाच्या गायिकेची व्याख्यानं चालू असतात. माई दिसत नाही, नुसता आवाज. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या आणि त्याच महिनाअखेरीला सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. दोनदा त्या व्याख्यानांसाठी मागे जाऊन ऐकलं. माई जे सांगते ते मला पटत नाही. इतकं कठोर राहून कोणाचं गाणं फुलत असेल असं वाटत नाही, पण आवाज सोडवत नाही.

त्यातले गुरुजी झालेले अरुण द्रविड खरोखरीचे गायक, मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकर यांच्याकडे शिकलेले. त्या धाग्याने मी मोगूबाईंपर्यंत गेले आणि तिथून केसरबाई केरकरांपर्यंत. दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानातल्या तबकडीवर आहे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि बाई गेल्या १६ तारखेला. हे ऐकून आईने ती भैरवी पुन्हा लावायला सांगितली. आता रोज संध्याकाळच्या थेंबांनंतर पाच मिनिटं डोळे मिटायचे तेव्हा तीच लागते. संध्याकाळी भैरवी कशी, असं विचारायची सोय नाही.

मागच्या आठवड्यात नवा चष्मा आला. आईने 'स्मृतिचित्रे' पुन्हा पहिल्या पानापासून स्वतः वाचायला घेतलं आहे. काल दुपारी स्वयंपाकघरात येऊन तिने पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, "हे तू वाचलंच नव्हतंस." आतापर्यंत असे चार सापडलेत. सगळे रात्री दहानंतरचे.