पैसे वडिलांचे, पॅन मुलीचा

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. निवृत्तीच्या वेळी मिळालेले त्यांचे १८ लाख रुपये आम्ही मुदत ठेवीत ठेवले. त्यांना बँकेचे जिने चढवत नाहीत, म्हणून ठेवीवर पहिलं नाव माझं आणि दुसरं त्यांचं लावलं. २०२५-२६ मध्ये १,२६,००० रुपये व्याज झालं आणि १२,६०० रुपये टीडीएस (बँकेनं व्याजातून आधीच कापलेला कर) माझ्या पॅनवर कापला गेला. मी नोकरी करते आणि ३० टक्के कर भरते. वडिलांचं निवृत्तिवेतन वर्षाला २,४०,००० रुपये आहे, दुसरं उत्पन्न नाही. भाऊ म्हणतो, दोन नावं आहेत तर व्याज निम्मं-निम्मं दाखवा. बँक वडिलांचा फॉर्म १५एच (उत्पन्न करपात्र नाही, टीडीएस कापू नका, अशी ज्येष्ठ नागरिकाची घोषणा) घेत नाही. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भावाचं ऐकू नका. ठेवीवर कोणाचं नाव आधी आहे, यावर व्याजाचा कर ठरत नाही. पैसे ज्याचे, व्याज त्याचं. निम्मं दाखवलंत, तर जे उत्पन्न तुमचं नाहीच, त्यातल्या ६३,००० रुपयांवर उपकरासह १९,६५६ रुपये कर तुम्ही भराल.

यात बँकेचीही चूक नाही. ती फक्त पहिल्या नावाचा पॅन पाहते. तुमच्यासाठी टीडीएसविना व्याजाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपयांची, त्यामुळे १० टक्के कपात झाली. १५एच पहिल्या नावाच्या ज्येष्ठ नागरिकानंच द्यायचा असतो, म्हणून तो नाकारला गेला. आणि तुम्ही स्वतः १५जी (ज्येष्ठ नसलेल्यांसाठीची तशीच घोषणा) देऊ नका. तुमचं उत्पन्न करपात्र असताना तशी घोषणा करणं खोटं ठरेल, आणि त्यासाठी शिक्षेची तरतूद आहे.

मार्ग आहे तो आयकर नियम ३७बीए मध्ये. उत्पन्न एकाचं आणि कपात दुसऱ्याच्या नावावर, अशा वेळी ज्याच्या नावावर कपात झाली त्यानं बँकेला लेखी निवेदन द्यायचं. म्हणजे ते तुम्ही द्यायचं. त्यात वडिलांचं नाव, पत्ता, पॅन, व्याजाची रक्कम आणि कारण लिहा : ‘ठेवीची संपूर्ण रक्कम वडिलांची आहे, माझं नाव केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी आहे.’ वडिलांच्या खात्यातून रक्कम ठेवीत गेल्याचा पासबुकाचा उतारा जोडा आणि पोच घ्या. मग बँकेनं आपल्या टीडीएस विवरणात वडिलांचा पॅन दाखवायला हवा. शेवटच्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत जातं. ती वेळ टळली असेल, तर दुरुस्तीचं विवरण भरायला सांगा.

शाखेत ‘सिस्टीममध्ये ऑप्शन नाही’ हे उत्तर हमखास मिळतं. दुरुस्ती झालीच नाही, तर तुम्ही दोघांनीही आयटीआर-२ हे आयकर विवरणपत्र भरा. तुमच्या टीडीएसच्या तक्त्यात ही कपात दुसऱ्या व्यक्तीची म्हणून वडिलांच्या पॅनसह दाखवा. वडिलांनी पूर्ण व्याज आपल्या उत्पन्नात घेऊन तुमच्या पॅनचा उल्लेख करत १२,६०० रुपयांची मागणी करावी. त्यांनी सोपा आयटीआर-१ भरू नये, कारण कपात दुसऱ्याच्या नावावर झालेल्याला तो चालत नाही. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि त्यांचं एकूण उत्पन्न ३,६६,००० रुपये आहे, त्यामुळे सगळी रक्कम परत मिळावी. तुमच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण) मात्र हे व्याज दिसत राहील. तिथे ‘माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित’ असा अभिप्राय नोंदवा. नुसतं गाळून टाकलंत, तर विचारणा येऊ शकते.

ठेवीचं नूतनीकरण होईल तेव्हा पहिलं नाव वडिलांचं लावा. ज्येष्ठांची मर्यादा १ लाख रुपये आहे आणि त्यापुढच्या व्याजासाठी त्यांना स्वतःची घोषणा देता येईल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, पण २०२५-२६ चं व्याज १९६१ च्याच कायद्याखाली येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या सूचनेनं पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढंच बँकेला कळतं, मालकी ठरत नाही. उद्या वडिलांच्या पश्चात वाटणीचा प्रश्न आला, तर ही रक्कम त्यांचीच होती, हे तुमच्या सहीच्या निवेदनावरून दिसेल. वडिलांना ती तुम्हालाच द्यायची असेल, तर त्यांनी रीतसर मृत्युपत्र करावं. आणि निवेदनाची एक प्रत भावालाही द्या.